भावंडांचा रकाना

११ जानेवारी

नेंगने आज ऑफिसात सगळ्यांना वह्या वाटल्या. वॉशिंग्टनचं अनुदान मिळालं तर पाच वर्षं कुणी रोज काय केलं याची नोंद दाखवावी लागणार म्हणे. मी दोन वह्या उचलल्या. एक ऑफिसची. ही माझी, हिच्यात खरं लिहीन.

डोंगराळ मुलूख सोडून अमेरिकेत आलेल्या आम्हा ह्मोंग लोकांनी काढलेली ही शाळा; अनुदान ती वाढवायला आहे. केजीचे आणखी दोन वर्ग, आणि सहावी ते आठवी नवीन. सगळे खूश आहेत. मला मात्र धडकी भरलीय. चौदा वर्षं या शाळेच्या खिडकीत बसून मी अर्ज घेतेय. जो आला त्याला घेतलं. जागाच उरायच्या! एकदा तर औषधांच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या बाईला गळ घालून तिची दोन पोरं आणली होती. आता अनुदान हवं तर सर्वांसमोर सोडत काढायची, ज्याचं नाव निघेल तो आत.

"आपल्या ह्मोंग पोरांना नाव निघालं नाही म्हणून परत पाठवायचं?" मी विचारलं.

"आत्या, चार्टर शाळा म्हणजे सरकारी शाळाच. सगळ्यांची," नेंग म्हणाला. मी खांग कुळाची लेक, तो खांग कुळाचा मुलगा, म्हणून मी त्याची आत्या. डायरेक्टर झाल्यापासून आत्या म्हणताना घड्याळाकडे बघतो.

१६ जानेवारी

उणे वीसच्या खाली. शाळा बंद. दिवसभर घरात शुआ, सूनबाई, कोंग आणि पाकू. शुआ माझा थोरला. कोंग त्याचा मुलगा, तिसरीत, आमच्याच शाळेत. पाकू माझ्या धाकट्या तेंगची. तेंगला जाऊन मार्चमध्ये तीन वर्षं होतील. ट्रकखाली गेला माझा मुलगा. एवढंच लिहिते.

पाकूच्या आईने, नूने, पुढच्याच वर्षी फ्रेस्नोच्या, थाओ कुळातल्या एकाशी लग्न केलं आणि कॅलिफोर्नियाला गेली. जाईना का, तरुण होती. मूल लोरांचं, माझ्या सासरच्या कुळाचं, ते लोरांच्या घरात राहिलं. रीतच आहे. वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं तेव्हा तीही मान खाली घालून हो म्हणाली होती.

पाकू यंदा केजीत जाणार. कोंगशिवाय ती घरातून पाऊल टाकत नाही. तो बाथरूममध्ये गेला तर दाराबाहेर बसते. शाळेत तिच्यासोबत तो असेल आणि खिडकीत मी असेन, मग काही काळजी नाही.

नूचा फोन आला होता. पाकू झोपलीय म्हणून सांगितलं. झोपली नव्हती, भात खात होती. पण आईचा आवाज ऐकला की दोन दिवस गप्प होते पोर. मग मलाच निस्तरावं लागतं.

२ फेब्रुवारी

अनुदान मंजूर! नेंगने केक आणला, हिरवा-निळा, खाल्ल्यावर सगळ्यांच्या जिभा निळ्या.

प्रवेशाचा नवा अर्ज राज्याच्या शिक्षण खात्याकडून आलाय. इंग्रजीतला अर्ज ह्मोंगमध्ये करायचं काम माझ्याकडे. एक रकाना आहे: शाळेत भावंड शिकतंय का? असेल तर सोडतीशिवाय आधी जागा. हे बरं झालं. मी आपला शब्द घातला, कूती. भाऊबंद. दुसरा शब्द कुठला घालणार? बापाच्या भावाची मुलं म्हणजे भाऊ आणि बहीणच. मी लहानपणी सात भावांबरोबर एका ताटात जेवले, त्यातले सख्खे दोन होते हे मला अमेरिकेत आल्यावर फॉर्म भरताना कळलं.

नेंगने वाचलं, सही केली.

३ मार्च

सोडत झाली. केजीच्या शेहेचाळीस जागा, अर्ज एकशे एकतीस. भावंडांच्या रकान्यातून अडतीस जण आधीच बसले. उरलेल्या आठ जागांची चिठ्ठी जिममध्ये काढली. पाकूच्या अर्जावर मीच लिहिलं होतं, भावंड: कोंग लोर. तिची जागा पक्की.

घरी आल्यावर तिला सांगितलं. तिने विचारलं, "कोंगदादाच्या बाकावर?" म्हटलं, "त्याच्या बाकावर नाही गं, त्याच्या शाळेत." थोडी हिरमुसली. मग दप्तर मागून बसली. मी कोंगचं जुनं दिलं. ते पाठीवर अडकवून भात खायला बसली. चिमुकला जीव, दप्तराखाली दिसतच नव्हता.

६ मार्च

एक कॅरेन गृहस्थ खिडकीवर आला. एह सोए नाव. बर्माकडचे लोक, आमच्याच गल्लीच्या पलीकडे राहतात. त्याच्या मुलीला जागा मिळाली नाही. पॉ वाह नाव तिचं. तो बोलत होता तेवढ्यात तिने काचेवर तोंडाने वाफ मारून बोटाने रेघोट्या काढल्या. पुसायचं काम माझं.

"अडतीस भावंडं?" तो म्हणाला. "एका वर्षी?"

"आमची कुटुंबं मोठी असतात," मी म्हटलं.

नियम लेखी मिळेल का म्हणाला. सगळा कागद छापून दिला त्याला. चौदा वर्षांत कुणाला कागद नाही म्हटलेलं नाही.

२५ मार्च

तेंगचा दिवस. कोंबडी उकडली, त्याच्या नावाने पान वाढलं. फ्रेस्नोहून पाकूसाठी झगा आलाय, जांभळा, चांदीच्या टिकल्यांचा. गुडघ्याच्याही वर जातो. आईला पोरीचं मापसुद्धा माहीत नाही! सूनबाई म्हणाली, "आपण कधी सांगितलं का त्यांना?" सूनबाईला अशा वेळी तोंड फुटतं. झगा कपाटात ठेवला.

९ एप्रिल

कुठून लिहू?

राज्याच्या खात्याकडून हॅल्व्हरसनबाई आल्या. तक्रार गेलीय. त्यांच्या हातात मी एह सोएला दिलेलाच कागद होता. स्वभावाने गरीब बाई, आवाज चढवत नाही, प्रत्येक वाक्याआधी सॉरी म्हणते. त्याने जास्तच घाम फुटतो.

त्यांनी अडतीस अर्ज टेबलावर मांडले. पाकूचा मध्यावर.

"सॉरी, पण या दोघांचे आईवडील वेगळे दिसताहेत."

"एका भांड्यातलं जेवतात. एका खोलीत झोपतात. तो तिचा भाऊ आहे."

"म्हणजे कझिन."

"आमच्यात कझिन नसतो, बाई."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, कायद्यात भावंड म्हणजे आईबापांतला एक तरी सामायिक, नाहीतर कायदेशीर पालक एक. अडतीसमधले एकोणतीस त्यात बसत नाहीत. सोडत रद्द. २७ तारखेला पुन्हा काढा, नाहीतर अनुदान परत.

नेंग खाली बघत होता. त्यानेही वाचून सही केली होती. पण तो इंग्रजी शाळेत शिकलेला, मी म्हातारी कारकून, बोलणी मलाच बसणार हे कळत होतं.

इथे खरं लिहायचं ठरलंय, तर लिहिते. मला ठाऊक नव्हतं का? थोडं ठाऊक होतं. इंग्रजी शब्द अरुंद आणि आमचा ऐसपैस, हे ठाऊक होतं. वाटलं, ऐसपैस असलेला बरा, आपली जास्त पोरं मावतील. त्यात कुणाची मावणार नाहीत याचा विचार केला नाही.

१० एप्रिल

नेंगने केबिनमध्ये बोलावून दार लावलं. एका कागदावर माझी सही घेतली: चूक भाषांतराची, कारकून चोआ खांग यांची, त्यांना प्रशिक्षण देण्यात येईल. "आत्या, नोकरीला धक्का नाही, मी बघतो," म्हणाला. सांभाळून घेतलं पोराने. लहानपणी माझ्या हातचा भात खाल्लाय, विसरला नाही.

मी पाकूचं विचारलं. तो म्हणाला, "शुआकडे पालकत्वाचा कोर्टाचा कागद असेल तर दोघांचा पालक एक होतो. मग पाकू आधी बसते. आहे कागद?"

कुठला कागद? बापाचा भाऊ तो बाप. त्याला कागद कोण करतं?

"मग आईची संमती घ्या. ती कोर्टात लावली की काम होतं. सत्तावीसच्या आत अर्ज दाखल झाल्याची पावती आणा."

१२ एप्रिल

नूला फोन केला. आपणहून पहिल्यांदाच. तिने पहिल्या रिंगला उचलला. "पाकूला काय झालं?" हेच पहिलं.

"काही नाही झालं. ठणठणीत आहे. एक सही हवी." सगळं समजावून सांगितलं, अनुदान, सोडत, रकाना. ती शांतपणे ऐकत होती. मग विचारलं, "आई, म्हणजे आत्ता कायद्याने ती कुणाची?"

"अगं, कायद्याने तुझीच! म्हणून तर तुझी सही लागतेय. एवढं साधं कळत नाही तुला?"

मग म्हणाली, "मी येते. समोर बसून करू."

विमानाचं भाडं घालून येतेय बिचारी, एका सहीसाठी. शहाण्यासारखी वागली, एका शब्दानेही वाद घातला नाही. जीव भांड्यात पडला. शुआला म्हटलं, "बघ, नीट बोललं की माणसं ऐकतात." शुआ बर्फ काढायला बाहेर गेला. एप्रिलात कसलं बर्फ, पायरीवर उरलेलं चार बोटं, पण अर्धा तास खरवडत होता.

२१ एप्रिल

नू आली. एकटीच. हाडं निघालीत पोरीची. शेतातल्या स्ट्रॉबेऱ्या आणल्या होत्या, खोका भरून. मी कोंबडी, मोहरीचा पाला, मिरचीची चटणी, सगळं केलं होतं.

पाकू कोंगच्या मागे लपली. मला मनातून बरं वाटलं, हेही लिहिते. नूने तिला ओढलं नाही, हाकही मारली नाही. जमिनीवर बसली आणि स्ट्रॉबेऱ्यांचे देठ काढत राहिली. एक कोंगला, एक बशीत. एक कोंगला, एक बशीत. पंधरा-वीस मिनिटांनी पाकूचा हात बशीशी आला.

जेवणं झाल्यावर शुआने कागद पुढे केला. नूने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, ओठ हलवत. मग घडी करून टेबलावर ठेवला.

"आई, मी सही नाही करणार. मी पाकूला न्यायला आलेय."

मी कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला. "काय बोलतेस तू? वडीलधाऱ्यांसमोर हो म्हणाली होतीस!"

"म्हणाले होते. चार जण समोर बसले होते, म्हणाले, पोर कुळाचं. मला वाटलं, इथला कायदाही तेच म्हणत असणार. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं मला. तुम्ही फोनवर सांगितलंत."

"मी सही मागायला फोन केला होता!"

"हो. म्हणून तर कळलं."

मी तोंडाला येईल ते बोलले. सगळं लिहीत नाही, लाज वाटते. म्हटलं, नवऱ्याची माती वाळली नव्हती तेव्हा पळालीस. म्हटलं, थाओच्या घरातले पूर्वज माझ्या नातीला ओळखत नाहीत. ती रडत नव्हती. म्हणाली, "मी ओळखते तिला." आणि मग, "दर आठवड्याला फोन करत होते, आई. दर आठवड्याला ती झोपलेली असायची."

सूनबाई उठून भांडी घासायला गेली. कुणी माझ्याकडे बघेना.

२४ एप्रिल

शुआ म्हणतो, वडीलधाऱ्यांना बोलावू. नेंग म्हणतो, "काही उपयोग नाही आत्या, आई आहे ती. पोलीसही तिच्याच बाजूने उभे राहतील." नू इथे जवळच, मेपलवूडला बहिणीकडे उतरलीय. रोज दुपारी येते, दोन तास बसते, जाते. म्हणाली, ओढून नेणार नाही, सवय होऊ दे. पाकू आता तिच्याशेजारी बसते. काल तिच्या केसांतली पिन काढून आपल्या केसांत लावली. सगळं नाटक आहे, गोड बोलून पोर फोडायचं.

मी पाकूला सांगितलं, तिकडे बर्फच पडत नाही. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मग जड बूट नाही घालायचे?"

२७ एप्रिल

पुन्हा सोडत. पारदर्शक पिंप, आकडे लिहिलेले पिंगपाँगचे चेंडू. हॅल्व्हरसनबाई पहिल्या रांगेत. आकडे मीच पुकारले, माझंच काम ते. या वेळी सदतीस जागांची चिठ्ठी. एह सोएच्या पॉ वाहचा आकडा अकरावा निघाला. तो उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. मुलीला उचलून तिचं तोंड माझ्याकडे केलं आणि म्हणाला, "थँक्यू म्हण." मला कशाला थँक्यू? मान हलवली.

पाकूचा अर्ज मी मागे घेतला नव्हता. तिचा आकडा निघाला प्रतीक्षायादीत, एकसष्टावा. मी पुकारला तो. नेंगने पाण्याची बाटली पुढे केली.

३ मे

आज नेलं.

मी खोलीतून बाहेर आले नाही. दाराआडून सगळं ऐकलं. नू सूनबाईला म्हणाली, वहिनी, हिचं माप तेवढं सांगा. शुआने बॅग उतरवली. पाकू विचारत होती, "कोंगदादाचं तिकीट कुठाय?" कोंग म्हणाला, "माझी शाळा आहे ना." "मग आजीचं?" कुणीतरी काहीतरी सांगितलं. गाडीचं दार लागलं.

घरातलं माणूस लांब निघालं की मनगटाला पांढरा दोरा बांधायचा असतो, जीव शरीराला धरून राहावा म्हणून. मी बांधला नाही. रागात बांधला नाही. लहान पोरीवर कसला राग काढला मी? विमान उडालं असेल तेव्हा उठले. दोऱ्याचं रीळ खिशातच होतं.

२९ मे

अनुदानाचा पहिला हप्ता आला. शाळेच्या मागे खोदकाम सुरू. नव्या वर्गांच्या चित्रात पोरं काढलीत, सगळी हसताहेत. नेंगने भाषणात माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. कोंग घरी एकटाच भिंतीवर चेंडू आपटत बसतो. सांगूनही ऐकत नाही.

१७ जून

नूचा फोन. मी उचलला नाही. पुन्हा आला. पुन्हा. सूनबाईने उचलला आणि माझ्या कानाला लावला.

"आई, पाकूला बारा दिवस ताप येतोय-जातोय. डॉक्टर म्हणतात काही सापडत नाही. खात नाही. बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून पडते." जरा थांबली. "तिचा जीव तिकडेच राहिलाय, आई. इथल्या, जीव परत बोलावणाऱ्या जाणकाराने दोनदा बोलावला, येत नाही. त्या जिवाची ओळख तुमच्या दाराची. तुम्ही पाठवा."

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहिते. आलं की, बघ, सांगत होते ना. आलं की, जीव इथे आहे, मग पोरही इथेच आणा. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात फोनमधून, नूच्या मागून आवाज आला, कण्हण्याचा. बारीक. तो माझ्या नातीचा होता.

"पत्ता सांग," मी म्हटलं.

तिने सांगितला. मी पेन घेतलं. घर नंबर, रस्ता, फ्रेस्नो, कॅलिफोर्निया, पिनकोड. कुटुंबप्रमुख: थाओ. चौदा वर्षं लोकांचे पत्ते लिहितेय, एवढं वळणदार कधी लिहिलं नव्हतं.

जिवाला हाक मारायची मांडणी केली: सुपात तांदूळ, वर अंडं, उदबत्ती. शुआने पुढचं दार सताड उघडलं. फोन स्पीकरवर लावून कोंगच्या हातात दिला. मी काही मोठी जाणकार नाही, पण घरच्यांसाठी बोलावता येतं. आजवर जेव्हा जेव्हा बोलावलं तेव्हा एकच म्हटलंय: ये, घरी ये, भात गरम आहे, आजी वाट बघतेय. जिभेला तेच वळण. दोनदा "ये" म्हणाले आणि दोनदा थांबले.

मग म्हटलं, "पाकू लोर, तेंगची मुलगी, ऐक. इथे थांबू नकोस. दादाच्या खोलीत नको, माझ्या खिडकीपाशी नको, दप्तरात नको. भात तिकडे शिजलाय. जा, तुझ्या आईच्या घरी जा." आणि कागदावरचा पत्ता मोठ्याने वाचला, अक्षर अन् अक्षर, वाटेत चुकू नये म्हणून.

पलीकडे नू हुंदके देत होती. मी तिला म्हटलं, "अगं, रडू नकोस, दार उघडं ठेव. आता निघालीय ती."